शेवटचे दोन मीटर: बर्फ काढताना भरलेल्या उसणीची केस

आधीच सांगून टाकते, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि ही केस क्लिनिकमधली नाही, घरातली आहे. म्हणजे पेशंट माझ्या डोळ्यांसमोर, खिडकीच्या काचेपलीकडे चुकत होता आणि मी आत बसून मोजे शोधत होते. पेशंट म्हणजे माझे धाकटे दीर. वय ५१, दिवसभर खुर्चीतलं काम, बीपीची गोळी चालू, व्यायाम म्हणाल तर जिने चढणं, तेही लिफ्ट बंद असेल तर. कंबरेचा जुना त्रास नाही, छातीची कधी तक्रार नाही. आम्ही दोन दिवसांसाठी त्यांच्याकडे राहायला गेलो होतो. त्यांच्या परवानगीने लिहितेय, फक्त "मला अगदीच येडा दाखवू नका वहिनी" एवढी अट आहे, ती कितपत पाळली जाईल बघू.

रात्रभरात साधारण २२ सेंटीमीटर बर्फ पडला होता. वरून बघितलं तर कापसासारखा, भुसभुशीत. भाऊजी ६:२० ला उठले, ६:३५ ला बाहेर, कारण साडेसातला निघायचं होतं. ड्राइव्हवे, म्हणजे घरापासून रस्त्यापर्यंतची गाडीची वाट, साडेतीन मीटर रुंद आणि बारा मीटर लांब. हातात रुंद पात्याचं फावडं, फावडं म्हणतेय खरं पण ते मोठ्या सुपाला दांडा लावल्यासारखं असतं, ६० सेंटीमीटर रुंद, दांडा सरळ. ही वस्तू बर्फ पुढे ढकलायला बनवलेली असते, उचलायला नाही, आणि ही केस बरीचशी ह्या एका वाक्यात आहे, पण ते मला नंतर कळलं, त्या वेळी मी फक्त "हळू हं भाऊजी" असं काहीतरी पुटपुटले असेन.

दार उघडून बाहेर जाताना मी विचारलं, जरा हातपाय हलवून घेता का, पाच मिनिटं? तर म्हणाले, "अहो वहिनी, हाच व्यायाम आहे की." हे वाक्य मी आजवर किती पेशंटकडून ऐकलंय त्याची गणती नाही. आणि गंमत म्हणजे ते खरंच आहे, व्यायामच आहे, फक्त थंड इंजिन एकदम टॉप गियरला टाकून केलेला.

पहिली पंचवीस मिनिटं तशी बरी गेली. सपाट भागातला बर्फ त्यांनी बराचसा ढकलत बाजूला नेला, कडेला आल्यावर उचलून टाकला. मी मधूनच बघत होते, तंत्र वाईट नव्हतं. पण मग ते रस्त्याच्या तोंडाशी पोचले. तिथे प्लाउची, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणारी गाडी पहाटे येऊन गेली होती आणि रस्त्यावरचा सगळा बर्फ ड्राइव्हवेच्या तोंडाशी आडवा टाकून गेली होती, शेताच्या बांधासारखा. साडेतीन मीटर लांब, साठ सेंटीमीटर रुंद, चाळीस सेंटीमीटर उंच. बघायला किरकोळ. आता एवढंच राहिलं, असं वाटायला लावणारा. घड्याळात ७:०५.

इथे जरा हिशोब करू, कारण डोळा इथेच फसतो. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला ढोबळमानाने १०० किलो धरा. म्हणजे २२ सेंटीमीटरच्या थराला दर चौरस मीटरला २२ किलो, आणि ४२ चौरस मीटरचे झाले सव्वानऊशे किलोच्या आसपास. जवळजवळ एक टन. हा आकडा मी भाऊजींना नंतर सांगितला तेव्हा ते एकदम खूश झाले, "मी एक टन काढला?" हो काढला, पण ढकलत. आता बांध बघा. प्लाउने दाबलेला, रस्त्यावरचा चिखल, मीठ, बर्फाचे गठ्ठे सगळं एकत्र झालेलं, तो घनमीटरला ४०० किलोच्या घरात सहज जातो. वरून उतरता असतो म्हणून पूर्ण पेटीसारखा न धरता साधारण अर्धा घनमीटर धरला तरी २०० किलो, आणि ते सगळे जेमतेम दोन चौरस मीटरवर बसलेले, ढकलता न येणारे. ढकलायचं कुठे, रस्त्यावर? तेव्हा प्रत्येक फावडं उचलायचं, आणि दोन्ही बाजूंना आधीच स्वतःच उभे केलेले कमरेएवढे ढीग, त्यांच्या वरून पलीकडे टाकायचं.

आता फावड्याचं गणित. त्या रुंद पात्यावर जेवढा ढीग बसतो तो साधारण ३५ लिटरचा. भुसभुशीत असेल तर साडेतीन किलो. बांधाचा असेल तर तोच ढीग १४ किलो. हाताला सवय साडेतीनची लागलेली असते, डोळ्याला ढीग तेवढाच दिसतो, आणि कंबरेला मिळतात १४, अधिक फावड्याचं वजन. त्यातून हे ओझं दांड्याच्या टोकाला, शरीरापासून ऐंशी सेंटीमीटरवर. पाठीच्या स्नायूंना मणक्यापासून मिळणारी फट जेमतेम पाच सेंटीमीटरची असते, म्हणजे तरफेचा एक हात पाच सेंटीमीटर आणि दुसरा ऐंशी. सोळापट. १४ किलो गुणिले सोळा केलं तर सव्वादोनशे किलोच्या आसपास ओढ फक्त त्या एका फावड्यासाठी, ओणव्या झालेल्या धडाचं वजन वेगळंच. मी क्लिनिकमध्ये हे सांगायला पाण्याची बाटली वापरते. छातीशी धरा, मग हात लांब करून धरा. बाटली तीच असते, पण दुसऱ्या वेळी चेहरा बदलतो.

७:१२ ला मी मोजे घालून दाराशी आले होते म्हणून नेमकं काय झालं ते दिसलं. भाऊजी रस्त्याकडे तोंड करून उभे, दोन्ही पाय बर्फात रुतलेले, घोट्याच्या वर. फावडं बांधात घुसवलं, ते अडकलं, गुडघ्याने दांड्याला ढकललं, मग पाठ गोल करून एकदम उचललं. दोन्ही हात दांड्याच्या वरच्या टोकाकडे, जवळ जवळ. तोंड घट्ट मिटलेलं, श्वास कोंडलेला. आणि मग पाय तसेच रोवलेले ठेवून फक्त कंबरेतून डावीकडे वळले आणि खांद्यावरून मागे भिरकावलं. भिरकावलं म्हणजे भिरकवायला गेले. ओला बर्फ पात्याला चिकटला, सुटलाच नाही, त्यामुळे टाकून हलकं व्हायला हवं होतं तिथे पूर्ण वजन खांद्याच्या मागे तसंच राहिलं आणि त्याने त्यांना अजून पिळलं. "आई गं" एवढंच ऐकू आलं. गुडघ्यावर बसले. कंबरेत उजवीकडे उसण भरली होती.

माझं काम तिथून सुरू झालं, पण मी गेले कंबरेसाठी आणि त्यांनी सांगितलं वेगळंच. "कंबर जाऊ दे वहिनी, मगाचपासून छातीवर दगड ठेवल्यासारखं होतंय." मगाचपासून म्हणजे कधीपासून? म्हणे दहा मिनिटं. थंडीमुळे असेल असं वाटलं म्हणून बोलले नाहीत, आणि काम संपत आलं होतं ना. संपत आलं होतं! मी सरळ जावेला ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितलं, त्यांना आत आणून बसवलं, उसणीला हातसुद्धा लावला नाही. इथे थोडं स्पष्ट लिहिते. छातीत जड वाटणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, थंडीतही दरदरून घाम, मळमळ, ह्यातलं काहीही फावडं हातात असताना झालं तर फावडं तिथेच टाकायचं आणि फोन करायचा. स्वतः गाडी चालवत जायचं नाही.

हॉस्पिटलमध्ये बीपी १७२/१०४. ईसीजी नॉर्मल, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन काही तासांच्या अंतराने दोनदा तपासलं, दोन्ही वेळा नॉर्मल. पुढच्या आठवड्यात स्ट्रेस टेस्ट झाली, तीही ठीक आली आणि बीपीची गोळी बदलली. म्हणजे हार्ट अटॅक नव्हता. पण त्या सकाळी दारात बसून हे कुणालाच सांगता आलं नसतं, मलाही नाही, आणि कंबरेने त्यांना थांबवलं नसतं तर अजून दहा मिनिटं ते तसंच रेटणार होते हे त्यांनीच नंतर कबूल केलं.

मनगटावरच्या घड्याळाने सगळी नोंद ठेवली होती, ती मी मागून घेतली आणि ह्या केसमधला माझा सगळ्यात आवडता कागद तोच. बाहेर पडताना नाडी ८४. सहा मिनिटांत १४१. सपाट भागात १४० ते १५० च्या मध्ये. बांधाला हात लावल्यावर १६३. २२० वजा वय हा ढोबळ नियम धरला तर त्यांची कमाल १६९. १९९५ साली डेट्रॉइटजवळच्या डॉक्टरांनी दहा तरुण, निरोगी पण बैठ्या पुरुषांना जड ओला बर्फ काढायला लावला होता, त्यांची नाडी दोन मिनिटांत कमाल मर्यादेच्या ८५ टक्क्यांवर गेली आणि दहा मिनिटांच्या शेवटी ९७ टक्क्यांच्या आसपास होती. ते तरुण होते. आमचे भाऊजी ५१.

बर्फ काढताना हृदयावर चहूबाजूंनी ताण येतो म्हणून असं होतं. पायांपेक्षा हातांच्या कामाला नाडी आणि बीपी जास्त चढतं. पाय एका जागी रोवलेले, म्हणजे चालताना पोटऱ्या पंपासारखं रक्त वर ढकलतात ते बंद. थंडीने हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, बीपी अजून वर. आणि जोर लावताना श्वास कोंडला की क्षणभर बीपी एकदम उसळी मारतं. क्यूबेकमध्ये १९८१ ते २०१४ मधल्या हिवाळ्यांच्या नोंदी तपासल्या होत्या, त्यात २० सेंटीमीटर बर्फ पडला की दुसऱ्या दिवशी पुरुषांमध्ये हार्ट अटॅकने भरती होण्याची शक्यता १६ टक्क्यांनी आणि त्याने मृत्यूची ३४ टक्क्यांनी जास्त दिसली. बायकांमध्ये तसा ठळक संबंध दिसला नाही. ह्याचं कारण घरोघरी फावडं कुणाच्या हातात असतं ते असावं असा माझा अंदाज, बायकांची हृदयं काही पोलादी नसतात.

आणि कंबर? अमेरिकेत १९९० ते २००६ अशा १७ वर्षांच्या इमर्जन्सीच्या नोंदी धरून एक अभ्यास झालाय, त्यात बर्फाच्या फावड्यामुळे वर्षाला सरासरी ११,५०० लोक इमर्जन्सीत आले. सगळ्यात जास्त दुखावलेला भाग खालची पाठ, ३४ टक्के. घसरून पडणारे साधारण २० टक्के, आणि १५ टक्के लोकांना चक्क फावडंच लागलं, म्हणजे दुसऱ्याचं किंवा स्वतःचं. हृदयाच्या तक्रारी ७ टक्केच, पण मृत्यू झाले ते सगळे त्याच ७ टक्क्यांतले. लोक घाबरतात कंबरेला, आणि छातीवरचा दगड थंडीच्या नावावर खपवतात, भाऊजींसारखे.

आमच्या केसमध्ये कंबरेचं निदान साधं निघालं, स्नायू आणि बारीक सांध्यांची लचक. पायात मुंग्या नाहीत, ताकद गेलेली नाही, लघवीवरचा ताबा ठीक, जांघेत बधिरपणा नाही. ह्यातलं एक जरी असतं तर गोष्ट वेगळी होती, तिथे वाट बघायची नसते. बिछान्यात पडून राहू दिलं नाही, दुसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात चालवलं, दर तासाला पाच मिनिटं, शेक दिला. चौथ्या दिवशी कामावर, बाराव्या दिवशी मोजे स्वतः घालायला लागले, ही माझ्या हिशोबाने खरी टेस्ट.

एक गोष्ट सगळेच विसरतात, सकाळची वेळ. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी पिऊन फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्यावर पहिल्या तासाभरात वाकलं की त्यांच्यावर दिवसाच्या मानाने बराच जास्त ताण येतो. भाऊजी उठल्यापासून पंधराव्या मिनिटाला वाकले होते. नुसतं तासभर आधी उठून घरात वावरले असते तरी फरक पडला असता. पण तासभर आधी उठा हा सल्ला हिवाळ्यात कोण ऐकणार, मीही नाही ऐकत.

अजून एक, मला सगळ्यात जास्त हादरवणारं, ज्याकडे त्या गडबडीत कुणाचं लक्षच नव्हतं. गाडी गरम व्हावी म्हणून पुतण्याने ती चालू करून ठेवली होती आणि आत बसून मोबाईल बघत होता. मागे भाऊजींनी टाकलेला ढीग सायलेन्सरच्या तोंडापर्यंत आला होता. पाइप बर्फाने बुजला की धूर गाडीतच शिरतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढायचा, मगच किल्ली फिरवायची, आणि मोकळा असला तरी आत माणूस बसवून ठेवायचा नाही. ॲम्ब्युलन्सची वाट बघताना मी त्याला काच वाजवून बाहेर काढलं, तर म्हणाला "काकू, हीटर चालू आहे ना." म्हटलं म्हणूनच उतर.

तीन आठवड्यांनी पुन्हा बर्फ आला, १५ सेंटीमीटरचा अंदाज. ह्या वेळी मी मुद्दाम गेले. डॉक्टरांनी भाऊजींना हलकं काम करायला हरकत नाही सांगितलं होतं, तरी बांधाला हात लावायचा नाही हे घरात ठरलेलं.

पहिला निर्णय सगळ्यात सोपा होता आणि कुणालाच सुचला नव्हता. गाडी आरशांसकट दोन मीटर रुंद. मग साडेतीन मीटर का मोकळं करायचं? अडीच पुरे, तोंडाशीसुद्धा. पावहून जास्त काम तिथेच गेलं, फावडं न उचलता. दुसरं, रात्री नऊला सात सेंटीमीटर झाले तेव्हाच एकदा ढकलून घेतलं, बर्फ पडतोय तरी. आता काढून काय उपयोग, परत पडणारच, असं पुतण्या म्हणाला, बरोबर आहे, पण सात सेंटीमीटर सहज ढकलता येतो आणि पंधरा ढकलायला बराच जड जातो.

सकाळी आधी घरात दहा मिनिटं, जागच्या जागी चालणं, खुर्चीतून उठबस, खांदे फिरवणं. कपडे एकावर एक पातळ, म्हणजे घाम यायला लागला की एक काढता येतो, ओला बनियन घालून थंडीत उभं राहणं वाईट. बुटांचा तळ खडबडीत. बांधासाठी दुसरं फावडं, पातं अरुंद, दांडा वाकडा, पात्याला मेणबत्ती घासलेली. मेणाने ओला बर्फ चिकटत नाही, हा पाच मिनिटांचा उद्योग मला फार आवडतो.

आणि मग बांध. तो मुळातून उपटायचा नाही, वरून थर कापत यायचं. पुतण्याला मी असं शिकवलं: फावडं आडवं घाल, हाताच्या जाडीएवढाच थर घे, पातं अर्धंच भर. एक हात वरच्या मुठीवर, दुसरा खाली पात्याजवळ, दोन्हींत निदान फूटभर अंतर. नितंब मागे ने, गुडघे वाक, पाठ सरळ ठेव, ओझं पोटाजवळ आण, उचलताना फूऽ करून श्वास सोड. टाकायच्या दिशेला पायच वळव, नाकाची दिशा आणि बुटाच्या टोकाची दिशा एकच पाहिजे. खांद्यावरून मागे नाही, चालत जाऊन पुढे ओत. दहा-बारा फावड्यांनंतर बाजू बदल. त्याला हे सगळं "म्हाताऱ्यांसारखं" वाटलं, पहिल्या पाच मिनिटांत चारदा कंबरेतून वळला, मी चारदा ओरडले, मग जमलं. पंधरा मिनिटांनी आत, बसायचं, पाणी प्यायचं, थंडीत तहान लागत नाही म्हणून पीत नाहीत लोक. परत पंधरा मिनिटं.

खाली उरलेल्या काचेसारख्या थरावर भाऊजी मिठाची पिशवी घेऊन आले. पण त्या दिवशी उणे १४ होतं आणि साधं मीठ उणे ९ च्या खाली फारसं काम करत नाही. पिशवी परत ठेवायला लावली आणि वाळू टाकली, वाळू वितळवत नाही पण पाय धरते. त्यांना काहीतरी काम पाहिजे होतं ते मिळालं, मूठ मूठ टाकत बसले.

बर्फ उडवणारी मशीन, म्हणजे स्नोब्लोअर, घ्यायची का हाही विषय निघाला. घ्या, मी विरोधात नाही, ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांना तर फावड्यापेक्षा बरीच, पण बर्फ बाहेर फेकणाऱ्या नळीत बर्फ अडकला की हात घालायचा नाही, इंजिन बंद केल्यावरसुद्धा नाही, आत ताण राहिलेला असतो आणि अडथळा सुटला की पातं फिरतं. त्यासाठी काठी असते. बोटांच्या केसेस मी हाताळल्यात, त्यावर इथे लिहीत नाही.

पाऊण तासात अडीच मीटरचा रस्ता मोकळा झाला, पुतण्याच्या घड्याळात नाडी १३२ च्या वर गेली नाही. आम्ही आत येऊन बूट काढतोय तोच बाहेर घरघर ऐकू आली. प्लाउची गाडी. ती गेली आणि तोंडाशी परत बांध, पहिल्यापेक्षा थोडा लहान. पुतण्याने माझ्याकडे बघितलं, मी भाऊजींकडे. ते खिडकीशी उभे राहून बराच वेळ त्या बांधाकडे बघत होते, मग फोन काढून ऑफिसला कळवलं की आज घरूनच काम करतो.